खालून दुसरं घर

मीराबाईंनी दोन्ही पाय दिवाणावर ओढून घेतले आणि साडीचा काठ गुडघ्यांत दाबून धरला. खाली फरशीवर न्हाणीतून निघालेलं काळं पाणी हळूहळू पुढच्या खोलीत येत होतं. त्यात दात घासायचा एक ब्रश तरंगत होता, आणि आणखी काय काय तरंगत होतं, तिकडे कोणी मुद्दाम पाहत नव्हतं. मीराबाईंच्या हातात पाटोडीच्या रश्श्याची वाटी होती. ती खाली ठेवावी तर कुठे ठेवावी, हे त्यांना कळेना.

मीराबाई गोपिकाची विहीण. गोपिकाची एकुलती एक मुलगी काजल काटोलला त्यांच्या घरात दिलेली. सातव्या महिन्याची ओटी भरून झाली होती, आणि बाळंतपणाला काजलला माहेरी कधी पाठवायचं हे ठरवायला त्या सकाळच्या बसने नागपूरला आल्या होत्या. आभाळ भरलेलं पाहून, पाणी खालून उलटं वर येऊ नये म्हणून, गोपिकाने न्हाणीच्या जाळीवर रेतीची थैली ठेवली होती आणि थैलीवर पाटा. संडासाच्या भांड्यातही तशीच थैली कोंबलेली. पावसाळ्यात हे तिचं रोजचंच काम. पण जेवणाआधी विहिणीला हात धुवायला न्हाणीत जायचं होतं. पाहुणीने न्हाणीत रेतीच्या थैल्या पाहाव्यात, हे गोपिकाला सोसलं नसतं. तिने थैल्या उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवल्या. मग वाढण्याच्या गडबडीत त्या परत ठेवायच्या राहिल्या आणि पाऊस कोसळला.

सिंधूताई न बोलावता आल्या. त्यांचं घर शेजारचंच, भिंतीला भिंत लागून. साडी खोचलेली, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात फिनाईलची बाटली. कोण आलंय, कोण दिवाणावर बसलंय, याची विचारपूस न करता त्या वाकल्या आणि पाणी दाराकडे लोटायला लागल्या. दर पावसाळ्यात हे असंच चाले. गोपिका पाणी बादलीत भरायची, सिंधूताई लोटायच्या, मग दोघी मिळून फरशी तीनतीनदा धुवायच्या आणि शेवटी सिंधूताईंच्या घरी जाऊन चहा प्यायच्या, कारण गोपिकाच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी काही शिजवावंसं वाटायचं नाही.

मीराबाई निघाल्या तेव्हा ऊन पडलं होतं. चपला हातात घेऊन त्या ओट्यावर उभ्या राहिल्या. बोलणं त्यांनी आधीच ठरवलेलं दिसत होतं.

"पोट्टी मी इथं नाही पाठवणार, ताई. राग मानू नका."

"दरवेळी नाही येत हो असं. आज मीच..."

"बाळ-बाळंतीण या पाण्यात झोपवता का तुम्ही? तिचं मी काटोललेच करतो सगळं. तुम्ही पाहाले येऊन जाजा."

पाहायला येऊन जा. गोपिकाला ते शब्द थोबाडीत बसल्यासारखे लागले. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे तिच्या लेखी रीतभात वगैरे नव्हतं. तिची स्वतःची आई लवकर गेली, म्हणून काजल झाली तेव्हा ती सासरच्या गावी होती, आणि अंगात ताप असताना स्वतःचे कपडे स्वतः विहिरीवर नेऊन धूत होती. पुढे तान्ही पोर घेऊन ती या घरात राहायला आली, तेव्हा शेजारच्या सिंधूताईंनी तिची अवस्था पाहिली आणि काही न विचारता पोरीला पायांवर घेतलं. तेल-पाणी, शेक, धुरी, सगळं त्यांनी केलं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. काजलचं नाक त्यांनीच रोज चिमटीत धरून सरळ केलं, असं त्या अजूनही सांगायच्या. आपल्या लेकीला आपल्या हातचं मिळावं, एवढी एकच गोष्ट गोपिकाने आयुष्यात धरून ठेवली होती. तीही आता गडरच्या, गटाराच्या पाण्यात गेली.

ते पाणी यायचं कुठून, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. गोपिका आणि तिचा नवरा ताराचंद यांचं घर गल्लीतलं सगळ्यात जुनं. त्यांनी ते बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसतं वावर, शेत होतं, आणि पाठोपाठ भिंतीला लागून सिंधूताईंचं घर उठलं. मग बाकीची घरं आली. जो येईल तो आधीच्यापेक्षा जोतं उंच घेई. मग सिमेंटचा रस्ता आला, तो सगळ्यांच्या अंगणांपेक्षा उंच, आणि रस्ता करणाऱ्यांनी कडेची पावसाची नाली त्याखाली बुजवून टाकली. मग प्रत्येकाने आपल्या गच्चीचा पाइप गुपचूप गडरलाइनच्या चेंबरमध्ये सोडला. ती लाइन टाकलेली न्हाणी-संडासच्या पाण्यासाठी. दहा गच्च्यांचा पाऊस तिच्यात मावायचा नव्हता. आभाळ फाटलं की लाइन तुडुंब भरायची आणि सगळ्यात खालचं तोंड शोधून तिथून वर यायची. ते तोंड म्हणजे गोपिकाची न्हाणी. पाऊस पडायचा गल्लीभर आणि पोचायचा तिच्या एकटीच्या घरात, तोही सगळ्यांच्या घाणीसकट.

ती शरच्चंद्र काकाजींकडे गेली. गल्लीच्या वरच्या टोकाला त्यांचं तीन मजली घर. आधी अंगणात मोकळी माती होती, सीताफळाची दोन झाडं होती. आता सगळीकडे सिमेंटचे गट्टू बसवलेले, चिखलाचं नाव नाही, पाऊस थांबून दोन मिनिटं झाली की अंगण कोरडं. काकाजी निवृत्त प्राध्यापक. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि फार वाईट वाटल्यासारखी मान हलवली. लाइनच लहान टाकली म्हणाले. दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून कॉर्पोरेशनमध्ये जाऊ म्हणाले. त्यांच्या गच्चीच्या पाइपाचा विषय तिने काढला, तेव्हा ते हसले.

"आता मी एकट्याने काढून काय होणार आहे? आणि खरं सांगू का, घर बांधतानाच तुम्ही उताराचा विचार करायला पाहिजे होता."

आम्ही बांधलं तेव्हा उतारच नव्हता, तो तुम्ही केला, हे वाक्य गोपिकाला सुचलं ते घरी येऊन भांडी घासताना. तेव्हा ते ऐकायला कोणी नव्हतं. ताराचंद कोराडीला पावरहाऊसमध्ये पाळीवर गेलेला. असता तरी तो म्हणाला असता, तू पाह्य.

मग तिने अंकुशला बोलावलं. अंकुश प्लंबर. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांचे पाइप चेंबरमध्ये सोडण्याचं पुण्यकर्म त्याचंच, आणि आता त्या पाण्यापासून वाचवायलाही तोच येत होता. या धंद्यात हे चालायचंच. त्याने न्हाणीतली जाळी काढून पाहिली, मागच्या चेंबरचं झाकण उचलून पाहिलं आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत ओट्यावर बसला.

"झडप बसवून देतो, वहिनी. तुमचं पाणी बाहेर जाईन, बाहेरचं अंदर नाही येणार. पाऊस जोरात असला का तेवढा वेळ न्हाणी वापरू नका, बस."

"मग ते पाणी जाईन कुठी?"

"जागा भेटन तिथं." अंकुशने खर्रा तोंडात टाकला. "तुमच्या वरतं घर कोणाचं?"

भिंतीपलीकडून सिंधूताईंचा आवाज येत होता. त्या नवऱ्याला भरवत होत्या आणि घास सांडला म्हणून रागवत होत्या. धोंडबांना लकवा मारून बराच काळ झाला होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. पलंगावरून ते दोनदा खाली पडले, तेव्हापासून त्यांची गादी जमिनीवरच असायची.

"एका पायरीचाच तर फरक आहे," अंकुश भिंतीकडे पाहत म्हणाला. "त्यांना सांगून देजा. त्याही बसवून घेतीन."

"सांगतो," गोपिका म्हणाली.

आणि तिला खरोखरच सांगायचं होतं. त्या संध्याकाळी ती तेवढ्यासाठी सिंधूताईंच्या दारापर्यंत गेलीही. पण सिंधूताईंच्या पोटात काही राहायचं नाही. आज त्यांना कळलं की उद्या वरच्या टोकापर्यंत कळणार. त्यांनीही झडप बसवली की पाणी त्यांच्या वरच्या घरात चढणार, मग त्याच्या वरच्या, आणि त्या घरांतली माणसं बोलकी, ओळखीपाळखीची. ती गप्प बसणार नाहीत, आठ दिवसांत सगळ्या झडपा उपटून टाकायला लावतील. बुडणारं घर एकच असलं तर गल्ली ओरडत नाही, हे गोपिकाला स्वतःवरून चांगलं ठाऊक होतं. तिने स्वतःला समजावलं की काजलचं एवढं पार पडू दे, मग सांगू. पाऊस दरवेळी थोडाच तेवढा पडतो. दारातून ती विरजण मागून परत आली.

झडप बसली. त्या दिवशी सिंधूताईंनी अंकुशला चहा आणून दिला आणि काय करून राहिला गा, म्हणून विचारलं. चोकअप काढून राहिलो, असं तो म्हणाला, कारण गोपिकाने त्याला तसं सांगून ठेवलं होतं. सिंधूताईंना ते ऐकून बरं वाटलं. सिमेंट कालवायला पाणी कमी पडलं तर त्यांनीच आपल्या घरून बादली आणून दिली.

गोपिकाने काटोलला फोन केला. मीराबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. पोळ्यापर्यंत वाट पाहिली. मधल्या काळात पाऊस बेताचा झाला, घरात थेंब आला नाही, आणि रोज फोनवरून हे ऐकून ऐकून अखेर त्यांनी काजलला आणून सोडलं. घरात शिरल्यावर त्या आधी न्हाणीत गेल्या. वाकून जाळी पाहिली, नाकाने वास घेतला. परत जाताना गोपिकाला एवढंच म्हणाल्या की एकदा जरी पाणी आलं तर गाडी घेऊन येईन आणि तशीच घेऊन जाईन. त्या बोलतात तसंच करतात, हे काजलने आत येऊन आईला वेगळं सांगितलं.

काजलला नववा लागलेला. पाय सुजून टम्म झालेले. सिंधूताई दुपारी यायच्या, तिचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळायच्या, आणि मुलगा होणार की मुलगी यावर काजलशी वाद घालायच्या. त्यांना मुलगी हवी होती. झडपेचं सांगून टाकावं असं त्या वेळी गोपिकाला रोज वाटे. रोज ती उठून चहा ठेवी.

त्या दिवशी सिंधूताई सकाळचं आवरून लकडगंजकडे निघाल्या. बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक, खारीक, गोडंबी तिकडे चांगली मिळते, इथल्या दुकानांत सगळा जुना माल, असं त्यांचं म्हणणं होतं. काजलचे लाडू आपण करायचे, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. धोंडबांना जेवू घालून, निजवून, घराची चाबी त्यांनी गोपिकाच्या हातात दिली.

"लक्ष ठेवजो वं. पाऊस आला तर खिडकी लावून घेजो त्यायच्या अंगावरची."

"जा तुम्ही, ताई. मी आहो न."

दुपारी आभाळ काळं झालं. मग असा पाऊस सुरू झाला की समोरचं घर दिसेना. गोपिकाने पलीकडे जाऊन खिडकी लावली, धोंडबांच्या अंगावर चादर सारखी केली आणि ती घाईघाईने घरी परतली. न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून ती जाळीकडे पाहत राहिली. खाली पाइपात पाणी घुसळत असल्याचा आवाज येत होता. मग झडप बंद झाल्याचा हलकासा ठोका ऐकू आला. जाळी कोरडी राहिली. रस्त्यावरून लोंढा चालला होता, चेंबरची झाकणं थडथड उडत होती, आणि तिच्या न्हाणीची फरशी कोरडी होती. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. तिला हसू फुटलं. तिने काजलला हाक मारली, आणि काजलही भिंतीला धरून धरून आली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून हसली.

तेव्हा भिंतीपलीकडून धोंडबांचा आवाज आला.

तहान लागली, लघवीला झाली, माशी बसली, कशानेही धोंडबा असा आवाज काढायचे. भिंत पातळ, त्यामुळे त्यातला फरक गोपिकाला ओळखू यायचा. हा त्यातला कुठलाच नव्हता. हे तिने ओळखलं, आणि तरी ती बसून राहिली. उठून गेलं तर पाहावं लागलं असतं. पाहिलं की ते खरं झालं असतं. अजून थोडा वेळ तिला नुसती ही कोरडी फरशी हवी होती.

"आई, मोठेबाबा आवाज देऊन राहिले."

"ते नेहमीच देतात."

"नाही, आई. जाऊन पाहा ना."

"पाऊस उतरू दे. जातो."

काजल तिच्याकडे पाहत राहिली. आवाज वाढला, मग तुटक झाला, मग थांबला. तो थांबल्यावर मात्र गोपिका चाबी घेऊन धावली.

दार उघडल्यावर पाणी तिच्या पायांवर आलं. सिंधूताईंच्या न्हाणीतून ते उसळत होतं, त्याच रंगाचं, त्याच वासाचं. गादी खालून भिजून फुगली होती. धोंडबांच्या कानांपर्यंत पाणी आलं होतं आणि तोंड वर राहावं म्हणून त्यांनी मान ताणून धरली होती. मान थरथरत होती. डोळे उघडे होते. त्यांनी तिला पाहिलं.

तिने त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. पडक्या अंगाचं वजन फार असतं. पलंगापर्यंत तिने त्यांना कसंबसं नेलं, आधी धड, मग एकेक पाय असं वर चढवलं, आणि चादर ओली म्हणून आपल्या पदरानेच त्यांचे कान, गळा, तोंड पुसलं. कानातून काळं पाणी निघत होतं. धोंडबांनी डाव्या, चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं. किती वेळ धरलं कोण जाणे. शेवटी एकेक बोट उचकटून तिला तो हात सोडवावा लागला.

पाऊस उतरता उतरता सिंधूताई आल्या. ऑटो रस्त्याच्या तोंडाशीच थांबलेला, त्या पाण्यातून चालत आलेल्या. डिंकाची पिशवी त्यांनी डोक्यावर धरली होती. दारातच त्या थांबल्या. पाणी पाहिलं, पाण्यातली गादी पाहिली, पलंगावर नवरा पाहिला, आणि त्याच्या शेजारी चिंब भिजलेली गोपिका पाहिली.

त्यांनी पिशवी कोनाड्यात ठेवली, धोंडबांच्या छातीवर हात ठेवून पाहिलं, आणि मग त्या मटकन खाली, त्या पाण्यातच बसल्या. रडत रडत त्यांनी गोपिकाचे पाय धरले.

"तू होती म्हणून वाचले वं हे. तू होती म्हणून."

"उठा, ताई. उठा न."

"आजपर्यंत एवढं कधी नाही आलं इकडे. तुझ्याच घरी..." सिंधूताई एकदम थांबल्या. त्यांनी वर पाहिलं. "आणि काजल? इकडेच एवढं आहे तर तिकडे केवढं आलं असन! पोट्टी एकटी आहे का पाण्यात?"

खरं सांगायला गोपिकाला तेवढा एक श्वास मिळाला होता. तिने तो घेतलाही.

"ती पलंगावर आहे," ती म्हणाली. "तिकडे कमी आलं."

"तू जा पहिले. पोरीजवळ जा. मी यांचे कपडे बदलतो आन् आलोच खराटा घेऊन."

"नका येऊ, ताई. मी करतो."

"तू एवढं केलं अन् मी नको येऊ का?"

सिंधूताई येणार, आणि कोरडं घर पाहणार. दोन बादल्या पाणी तरी बाहेर फेकते, असं म्हणून गोपिकाने कोपऱ्यातली बादली उचलली आणि फरशीवरून डब्याने भरून घेतली. धोंडबा पलंगावरून पाहत होते. ती बादली घेऊन बाहेर पडली, पण ती रस्त्यावर ओतली नाही. आपल्या घरात येऊन तिने ती पुढच्या खोलीत, स्वच्छ पुसलेल्या फरशीवर उपडी केली. मग परत गेली. दुसरी बादली तिने स्वयंपाकघराच्या दाराशी ओतली, आणि पायाने ते पाणी इकडे तिकडे पसरवलं. तेवढ्या घाईतही दिवाणाखालपर्यंत पाणी पोचलं पाहिजे, हे तिच्या लक्षात राहिलं.

आतल्या खोलीच्या दारात काजल उभी होती. ती कधीपासून उभी होती, कोण जाणे.

"आई, हे काय करून राहिली?"

"पाय वर घेऊन पलंगावर बस."

"घरात आणून काहून टाकलं ते?"

"सासूला सांगू नको."

काजलने नाकाला ओढणी लावली, पोटाखाली हात घेतला, आणि ती जाऊन पलंगावर बसली. आईकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

सिंधूताई आल्या. साडी तीच ओली, फक्त वर खोचलेली. खराटा आणि फिनाईलची बाटली. आपल्या घरातलं पाणी तसंच ठेवून त्या आल्या होत्या. पहिले पोरीचं घर, यांचं काय, हे आता उंचावर आहेत, असं म्हणाल्या. गोपिकाने खराटा घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तिला खांद्याला धरून आतल्या खोलीत ढकललं.

"तू बस वं पोरीजवळ. तू थकली."

गोपिका पलंगाच्या कडेला बसली. पुढच्या खोलीत खराट्याचा आवाज सुरू झाला. सिंधूताई नेहमीसारख्या बोलत बोलत काम करत होत्या. वरच्यांना शिव्या देत होत्या. त्यांच्या गट्टूंना, त्यांच्या गच्च्यांना, त्यांच्या गाड्यांना. या वेळी सोडत नाही म्हणाल्या, उद्या दोघी मिळून शरच्चंद्र काकाजींच्या दारात जाऊन बसू, तुझंही घर अन् माझंही घर, आता आपण दोघी आहो. गोपिका आतून हं, हं म्हणत होती. दिवाण सरकवल्याचा आवाज आला. बादली भरल्याचा, बाहेर ओतल्याचा. मग स्वयंपाकघराचं दार. मग फिनाईलचा वास. आता त्या पुसत पुसत न्हाणीकडे चालल्या होत्या.

आणि तेव्हा गोपिकाला आठवलं. पाणी यायचं ते न्हाणीतून. तिने ते पुढच्या खोलीत ओतलं, स्वयंपाकघराशी ओतलं, दिवाणाखाली सारलं. न्हाणीत तिने एक थेंबही टाकला नव्हता. न्हाणी सकाळी होती तशी होती, कोरडी ठणठणीत, आणि जाळीभोवती अंकुशने लावलेलं नवं सिमेंट पांढरं दिसत होतं.

ती उठायला गेली. काजलने तिचा हात धरला. धीर द्यायला धरला की अडवायला, हे गोपिकाला कळलं नाही. ती परत कडेला बसली.

खराटा थांबला. सिंधूताईंचं बोलणंही थांबलं. बाहेर वळचणीचं पाणी टपकत होतं. पलीकडे धोंडबांनी एकदा आवाज दिला. एरवी त्या आवाजाला सिंधूताई जिथे असतील तिथून ओरडून उत्तर द्यायच्या. आज त्यांनी दिलं नाही.

मग नळ सोडल्याचा आवाज आला. पाठोपाठ चार-पाच तांबे पाणी कोरड्या फरशीवर पडलं, आणि खराटा पुन्हा सुरू झाला. या वेळी सावकाश, कोपरे न् कोपरे घासत, जणू तिथं घाण आहेच. सिंधूताईंनी ती सगळी न्हाणी धुऊन काढली. फिनाईल टाकलं. फडक्याने पुसली, फडकं पिळलं, पुन्हा पुसली.

त्या आतल्या खोलीच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी हात पदराला पुसले. काजलकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं. गोपिकाकडे पाहिलं तेव्हा गोपिकाची नजर खाली होती.

"न्हाणी पण घेतली धुऊन," त्या म्हणाल्या. "तिथूनच येते न पाणी."

"हो," गोपिका म्हणाली.